झाकलेला तोटा



गेल्या वर्षी संवत्सरी होऊन चार-पाच दिवस झाले होते. एका सायंकाळी अकोल्याच्या किराणा बाजारातील एक परिचित घाऊक व्यापारी आपल्या मुलाला घेऊन माझ्याकडे आले. हात जोडून ‘मिच्छामि दुक्कडम्’ झाले, पाऊसपाण्याच्या गोष्टी झाल्या. तरी मूळ विषय निघेना. शेवटी चष्मा पुसत ते म्हणाले, “साहेब, पोराचं काम बंद झालं. बाजारात अजून कोणाला ठाऊक नाही. तुम्हीही कुठं बोलू नका. पण आता करायचं काय, तेवढं सांगा.” मुलगा मान खाली घालून बसला होता.

त्याची हकीकत त्याच्या संमतीने, ओळख पटणार नाही इतका फेरफार करून, येथे देत आहे; कारण ती त्याच्या एकट्याची नाही. आज आपल्या घराघरांतील शिकलेली मुले वडिलोपार्जित पेढीवर न बसता स्वतःचा नवा उद्योग, म्हणजे स्टार्टअप, काढू पाहतात. ही आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु नव्या उद्योगांपैकी पुष्कळ बंद पडतात, हे सत्य आपण सत्काराच्या कार्यक्रमात विसरतो आणि घरात मात्र दडवून ठेवतो.

मुलाची कल्पना चांगली होती. अकोला व अमरावती येथील लहान किराणा दुकानदारांनी मोबाईलवर मागणी नोंदवायची, दुसऱ्या दिवशी सकाळी माल दुकानात पोचवायचा, आणि भाव घाऊक बाजारापेक्षा थोडा कमी ठेवायचा. सहा महिन्यांत चारशे दुकाने जोडली गेली. वर्तमानपत्रात छायाचित्र आले, समाजाच्या मेळाव्यात शाल-श्रीफळ मिळाले. पुढे सवलत कमी करताच दुकानदार एकेक करून जुन्या व्यापाऱ्याकडे परतले. का परतले? दोन टक्के सवलत त्यांना नको होती असे नाही. परंतु तिच्याहून अधिक गरज त्यांना तीन आठवड्यांच्या उधारीची होती. ती उधारी त्यांना कोण देत होते? याच मुलाचे वडील, आपल्या पेढीवरून! ज्या प्रश्नाचे उत्तर घरातील खतावणीत लिहिलेले होते, तो प्रश्न मुलाने वडिलांना विचारलाच नव्हता. “विचारलं असतं तर ते हसले असते, काका,” तो म्हणाला. वडील काही बोलले नाहीत.

मी त्याला सवयीने एकच प्रश्न केला, “हे चालणार नाही, हे तुला कधी कळलं?” तो बराच वेळ गप्प राहून म्हणाला, “चौदाव्या महिन्यात.” काम बंद झाले ते तेहतिसाव्या महिन्यात. चौदाव्या महिन्यापर्यंत तोटा नऊ लाखांचा होता. शेवटी तो सदतीस लाखांवर गेला. त्यात वडिलांचे अठरा लाख, आईच्या दागिन्यांवर काढलेले सहा लाख आणि बाहेरच्या लोकांचे तेरा लाख होते. म्हणजे नऊ लाखांचे अपयश व्यवसायाचे होते. उरलेले अठ्ठावीस लाख मौनाचे होते.

बँकेतील माझ्या नोकरीचा निष्कर्षही याहून वेगळा नाही. तोट्याने माणूस बुडत नाही. झाकलेल्या तोट्याने बुडतो. धंद्यात तोटा हा खर्चासारखाच एक भाग आहे. तो वेळेवर मांडला तर भांडवल जाते, पण पत उरते. तो झाकला तर भांडवल जाते, पतही जाते आणि पुष्कळदा घरही जाते.

आपल्या जुन्या बाजारपेठांना हे माहीत होते. असे सांगतात की, ज्याला देणी भागविणे अशक्य होई तो भरदिवसा पेढीवर दिवा लावून बसे. दिवसा दिवा दिसला की देणेकरी जमत, वह्या उघडल्या जात आणि जे असेल ते वाटून घेतले जाई. ‘दिवाळे’ हा शब्द त्यावरूनच आला असे मानतात. आज हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो. परंतु त्या रीतीत लज्जेपेक्षा प्रकटपणा अधिक होता. ‘माझ्याजवळ आता नाही’ हे सांगण्याची ती एक सभ्य पद्धत होती.

वऱ्हाडातील व्यापाऱ्यांच्या स्मृतीत रुतून बसावी अशी एक घटना याच संदर्भात आठवते. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले आणि इंग्लंडच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकन कापूस थांबला. वऱ्हाड, खानदेश व गुजरातच्या कापसाला सोन्याचे मोल आले. मुंबईत पैशाचा पूर आला. नागपूरपर्यंत रेल्वेचे रूळ पोचले ते १८६७ साली, म्हणजे ही तेजी ओसरल्यानंतर. परंतु तेजीचा पैसा त्यापूर्वीच नव्या नव्या कंपन्यांत गेला होता. बँका, विमा, गोदी, समुद्र हटवून जमीन काढण्याच्या योजना, अशा कंपन्यांचे समभाग कागदावर छापून होताच दुप्पट-चौपट भावाने विकले जात. त्या काळाचे हे स्टार्टअपच होत. नफा कोठून येणार, हे कोणी विचारीत नव्हते. भाव वाढतो आहे एवढे पुरत होते.

या बाजाराचे अनभिषिक्त राजे होते शेठ प्रेमचंद रायचंद. मूळ सुरतचे, जैन कुळातील, बुद्धिमान आणि उदार. एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतील युद्ध संपल्याची वार्ता आली आणि कापसाचे भाव कोसळले. १ जुलै १८६५ रोजी वायद्यांचा हिशेब चुकता करण्याची वेळ आली, तेव्हा चुकता करू शकेल असा मनुष्य सापडणे कठीण झाले. बँक ऑफ बॉम्बेने समभागांच्या तारणावर मुक्तहस्ताने कर्जे दिली होती. तिच्या ज्या समभागाने २८५० रुपयांचा भाव पाहिला होता, तो पुढे ८७ रुपयांना विकला गेला, आणि १८६८ साली ती बँकच गुंडाळावी लागली. तारण म्हणून ठेवलेली वस्तू आणि तिच्यावर उचललेले कर्ज हे दोन्ही एकाच फुग्यातील हवा असले, की असे होते. बँकेत शिकाऊ अधिकारी म्हणून हे प्रकरण मी प्रथम वाचले, तेव्हा तो इतिहास वाटला. पुढे पाहिलेली अनेक थकीत खाती त्याच्याच लहान प्रती होत्या.

प्रेमचंद शेठजींचे वैभव गेले; परंतु तेजीच्या काळात त्यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी व मनोऱ्यासाठी दिलेले दान उरले. आईच्या नावाचा राजाबाई टॉवर १८७८ साली पूर्ण झाला. दृष्टी गेलेल्या आईला सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाची वेळ घंटेवरून कळावी, अशी त्यामागची भावना सांगितली जाते. समभागांचे कागद झाले, दान मात्र आजही उभे आहे.

त्याच पडझडीत सापडलेला आणखी एक तरुण होता, जमशेटजी टाटा. वय पंचविशीचे. भारतीय बँक स्थापन करण्याच्या हेतूने ते लंडनला गेले होते आणि हातातील हुंड्या-रोख्यांची किंमत वाटेतच शून्यावर आली होती. पळून जाणे सोपे होते. त्यांनी देणेकऱ्यांना व बँकांना स्वतः भेटून वस्तुस्थिती मांडली. त्या प्रामाणिकपणाचा परिणाम असा झाला की, त्यांच्याच पेढीचा व्यवहार आवरण्यासाठी अवसायक म्हणून त्यांचीच दरमहा वीस पौंडांवर नेमणूक करण्यात आली. ज्याने बुडविले त्याच्याच हाती वह्या देण्याइतका विश्वास देणेकऱ्यांना वाटला. माझ्या मते टाटा घराण्याचे पहिले मोठे भांडवल हेच.

त्यांचा पुढचा अध्याय आपल्या विदर्भात घडला. १८७४ साली त्यांनी कंपनी स्थापन केली आणि १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. गिरणी मुंबईत न काढता कापूस पिकतो तेथे काढण्याची कल्पना त्या काळी धाडसाची होती. तेथेही प्रथम ठेच लागलीच. काटकसर म्हणून घेतलेली सुरुवातीची यंत्रे हलकी निघाली आणि उत्पादन समाधानकारक होईना. जमशेटजींनी ती चूक रेटली नाही; यंत्रे बदलली आणि पुढे नव्या पद्धतीच्या रिंग चात्यांचा प्रयोग धीटपणे केला. गिरणी भरभराटली. धंदा टिकविणारी चिकाटी आणि चूक टिकविणारा हट्ट बाहेरून सारखेच दिसतात. चिकाटीचा माणूस हिशेब वारंवार पाहतो, हट्टी माणूस हिशेब पाहण्याचे टाळतो; फरक ओळखण्याची खूण एवढीच.

आता आपल्या काळाकडे येऊ. मुंबईत आयआयटीच्या माजी विद्यार्थ्यांनी २०१४ मध्ये ‘टायनीआऊल’ ही घरपोच जेवण मागविण्याची सेवा काढली. मोठे गुंतवणूकदार मिळाले, शहरामागून शहरे जोडली गेली. २०१५ च्या अखेरीस पैसा आटला आणि शेकडो कर्मचाऱ्यांना कमी करावे लागले. नोव्हेंबरमध्ये पुण्याच्या कार्यालयात, आपली देणी मिळावीत म्हणून कर्मचाऱ्यांनी एका सहसंस्थापकाला अडवून धरले. तोटा झाला म्हणून कर्मचारी संतापले नव्हते. आपला पगार सुरक्षित आहे की नाही हे त्यांना फार उशिरा कळले, म्हणून संतापले होते.

‘बायजूज’चे उदाहरण तर जगभर गाजले. २०२२ मध्ये कंपनीचे मूल्य २२ अब्ज डॉलर मानले जात होते. परंतु २०२०-२१ या वर्षाचे हिशेब सप्टेंबर २०२२ मध्ये, म्हणजे वर्ष संपल्यावर सुमारे दीड वर्षाने बाहेर आले आणि त्यांत सुमारे साडेचार हजार कोटींचा तोटा दिसला. पुढच्या वर्षाचे हिशेब लांबल्याने जून २०२३ मध्ये लेखापरीक्षकांनी राजीनामा दिला. जुलै २०२४ मध्ये क्रिकेट मंडळाच्या सुमारे १५८ कोटींच्या थकबाकीवरून दिवाळखोरीची कार्यवाही सुरू झाली. बावीस अब्ज डॉलरची कंपनी दीडशे कोटींसाठी न्यायाधिकरणापुढे उभी राहिली! ज्या दिवशी हिशेब लांबला, त्या दिवशीच खरे तर घंटा वाजली होती.

याउलट ‘कू’ या भारतीय भाषांतील समाजमाध्यमाच्या संस्थापकांनी जुलै २०२४ मध्ये निवेदन काढून सांगितले की, मोठ्या कंपन्यांशी चाललेली बोलणी फळास आली नाहीत, सेवा चालविण्याचा खर्च झेपत नाही, म्हणून आम्ही ती बंद करीत आहोत. पैसा त्यांचाही गेला. पण दिवा त्यांनी दिवसा लावला.

वाचकहो, बँकेत बसून तोटा झाकला जात असल्याचे कसे कळते, हे आता थोडे सांगतो. पहिली खूण म्हणजे महिन्याचे मालसाठा पत्रक उशिरा येऊ लागते. उचल मर्यादा टिकावी म्हणून गोदामात नसलेला माल त्यात दाखविला जातो. न येणारी उधारीही येणी म्हणून लिहिली जाते. दुसरी खूण म्हणजे खेळत्या भांडवलासाठी घेतलेले कर्ज इमारतीत, मोटारीत किंवा घरातील लग्नात गुंतते. तिसरी खूण धनादेश परत येण्याची, आणि चौथी हातउसन्याची. सकाळी एकाकडून घेऊन संध्याकाळी दुसऱ्याला देणे सुरू झाले, की समजावे आता व्यवसाय चालत नाही, फक्त पैसा फिरतो आहे.

शास्त्राने यातील पहिल्या खुणेला फार पूर्वीच नाव दिले आहे. सत्य अणुव्रताच्या अतिचारांत ‘कूटलेखक्रिया’ येते. कूटलेख म्हणजे खोटे लिखाण. फुगविलेले मालसाठा पत्रक हे कूटलेखच होय. आपण प्रतिक्रमणात त्याचा उच्चार करतो आणि दुसऱ्या दिवशी त्यावर सही करतो, हे कटू असले तरी मी पाहिलेले सत्य आहे.

नवा उद्योग काढणाऱ्या तरुणांना व त्यांच्या पालकांना म्हणून चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

पहिली, आरंभीच मर्यादा लिहून ठेवा. पाचवे अणुव्रत परिग्रहपरिमाणाचे आहे. किती मिळवायचे याची सीमा आपण आखतो. तशीच किती गमवायचे याचीही आखावी. ‘इतके लाख किंवा इतके महिने, जे आधी संपेल ते, त्यानंतर घरात बसून निर्णय’ हे वाक्य पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर, बापलेक दोघांच्या सहीने असावे. उत्साहात आखलेली सीमा निराशेत उपयोगी पडते; निराशेत आखू म्हटले तर हात थरथरतो.

दुसरी, घर आणि धंदा यांच्यातील भिंत खरी आहे का ते तपासा. कंपनी मर्यादित दायित्वाची आहे म्हणजे घर सुरक्षित, अशी पुष्कळांची समजूत असते. परंतु बँक बहुधा संचालकांची, आणि अनेकदा वडिलांचीही, वैयक्तिक हमी घेते. कंपनीबाबत तोडगा मंजूर झाला म्हणून हमीदार आपोआप मुक्त होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे. मुलाच्या प्रेमापोटी केलेली सही ही घराची किल्ली असू शकते. ती करावी की नाही, हा निर्णय घरातील स्त्रियांसह सर्वांनी मिळून घ्यावा.

तिसरी, बँकेकडे लवकर जा. मुदत कर्जाचा हप्ता थकल्यापासून ९० दिवस उलटले की खाते अनुत्पादक ठरते. परंतु त्याआधी ३० दिवसांपर्यंत, ३१ ते ६० आणि ६१ ते ९० अशा तीन पायऱ्यांवर बँक त्याची विशेष नोंद घेत असते. तडजोडीला खरी जागा असते ती याच काळात. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या पुनरुज्जीवनासाठी केंद्र सरकारची मे २०१५ ची अधिसूचना आणि रिझर्व्ह बँकेच्या मार्च २०१६ च्या सूचना आहेत. २५ कोटींपर्यंतच्या कर्जांना त्या लागू आहेत. उद्योग बुडण्याची रास्त भीती असेल, किंवा मागील वर्षी साचलेल्या तोट्याने स्वतःच्या भांडवलाचा निम्मा भाग खाल्ला असेल, तर उद्योजक स्वतः होऊन बँकेकडे अर्ज करू शकतो. आपल्याकडे जिनिंग, डाळ मिल, तेल मिल चालविणारी कितीतरी घराणी आहेत. ही तरतूद त्यांतील फारच थोड्यांना माहीत असते. माझ्या टेबलासमोर लोक आले ते बहुधा नोटीस घेऊनच.

चौथी, बंद करण्याचाही एक क्रम असतो. आधी कामगारांचा पगार, मग टेम्पोवाला, हमाल, भाड्याचे गोदाम, लहान पुरवठादार. कारण त्यांच्या घरातील चूल त्यावर पेटते. कायद्याने ठरविलेला क्रम काही वेळा वेगळा असतो, म्हणून सनदी लेखापालाचा सल्ला घ्यावा. परंतु मनातील क्रम हाच असावा. आणि ज्यांना लगेच देता येत नाही त्यांच्यापासून तोंड लपवू नये. देणेकऱ्याला नकारापेक्षा न उचललेला फोन अधिक छळतो.

एक शब्द समाजासाठी. दिवाळीला वहीपूजनात आपण ‘शुभ’ आणि ‘लाभ’ लिहितो. लाभ झालेल्यांचे सत्कार आपण करतो, ते योग्यच आहे. परंतु ज्याच्या वाट्याला लाभ आला नाही त्याच्याशी आपण कसे वागतो? सोयरीक मोडते, लग्नसमारंभात कुजबुज होते, ‘फलाण्याचा मुलगा बुडाला’ असे म्हटले जाते. मुले मग सांगायचे टाळतात आणि नऊ लाखांचे सदतीस लाख होतात. त्यांतील काही लाख आपल्याही खात्यावर नावे टाकावे लागतील. एखाद्या मेळाव्यात, ज्याने व्यवसाय वेळेवर बंद करून सर्वांची देणी फेडली अशा तरुणालाही आपण व्यासपीठावर बसवू शकू का? तो जे सांगेल ते यशस्वी माणसाला सांगता येणार नाही.

त्या सायंकाळी मी मुलाला कोरा कागद दिला आणि सर्व देणेकऱ्यांची नावे रकमेसह लिहावयास सांगितली. तेवीस नावे झाली. वडिलांनी ती यादी प्रथमच पाहिली. आपल्या धर्मात दोष मनातल्या मनात पुसला जात नाही. तो गुरूसमोर उच्चारावा लागतो, त्यालाच आलोचना म्हणतात. हिशेबाचेही तसेच आहे. दुसऱ्या दिवशी तो सर्वांत आधी टेम्पोमालकाकडे गेला. “मला वाटलं, आता तुम्ही फोनच उचलणार नाही,” एवढे म्हणून त्या गृहस्थाने हप्ते बांधून दिले.

आज वर्ष होत आले. तेवीसपैकी चौदा जणांचे देणे फिटले आहे. दागिने अजून सुटलेले नाहीत. मुलगा वडिलांच्या पेढीवर बसतो. मागणी नोंदविण्यासाठी त्याने केलेली तीच मोबाईल व्यवस्था आता पेढीच्या उधारीचा हिशेब ठेवते, आणि कोणत्या दुकानदाराची मुदत केव्हा संपते हे वडिलांना वही न चाळता कळते. पुन्हा स्वतःचे काही काढण्याचा त्याचा विचार आहे. या वेळी प्रश्न वडिलांना आधी विचारीन, असे तो म्हणतो.

‘कुठं बोलू नका’ म्हणणारे वडील गेल्या आठवड्यात बाजारात भेटले. दुकानात दोन-तीन व्यापारी बसलेले होते. त्यांच्यासमोरच ते म्हणाले, “साहेब, आमच्या पोराचं तुम्ही लिहा. नाव सोडून सगळं लिहा.”

जय जिनेंद्र.